विमानतळ एकच लिहायचा होता

ब्रायन,

तुला मराठीतले दोनच शब्द येत होते आणि तेही मीच शिकवलेले. 'झालाच पाहिजे.' आमच्या बेळगावकडे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही ही घोषणा पाठ असते, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. तू ती उचललीस आणि तिचं पार वाटोळं केलंस. कंट्रोल रूमचं दार ढकलून आत आलास की पहिलं वाक्य, "देसाई, चहा झालाच पाहिजे." मग पंप दुरुस्त झालाच पाहिजे, फैसलचा रिपोर्ट आजच्या आज झालाच पाहिजे. ज्या शब्दांसाठी माझ्या वडिलांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, त्या शब्दांवर तू सौदीत जेद्दाजवळच्या आपल्या समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात इतकी वर्षं चहा प्यायलास. वडील असते तर तुझ्यावर चिडले असते आणि मग तुला जेवायला थांबवून घेतलं असतं.

हे मी मराठीत लिहितोय. तुला वाचता येणार नाही, पण आता तसं तुला काहीच वाचता येणार नाही. आपलं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. इंग्रजीत मला काम करता येतं, भांडता येतं, रजा मागता येते. दुःख करायला ती भाषा मला अजून जमलेली नाही.

आपली ओळखही दुःखाच्या एका गैरसमजातूनच झाली. एक नोव्हेंबरला आमच्याकडे काळा दिन पाळतात. राज्यांची वाटणी झाली आणि आम्ही मराठी माणसं कर्नाटकात गेलो, त्याचा निषेध. वडील दरवर्षी दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत जायचे. ते गेल्यावर ती फीत मी इथे बांधायला लागलो. इथे त्याचा अर्थ कुणाला कळणार होता म्हणा, पण मोडवेना. फैसल तेव्हा नुकताच ट्रेनी म्हणून लागला होता. सौदी पोरांना कामावर घ्यायचं, आपण त्यांना शिकवायचं आणि शिकवून झालं की आपण जायचं, अशी ती सुरुवातीची वर्षं. त्याने माझ्या बाहीवरची फीत पाहिली, हातातलं काम ठेवलं, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि माणूस गेल्यावर त्यांच्याकडे म्हणतात ते वाक्य म्हणाला, अल्ला तुला या दुःखाचं मोठं फळ देवो.

"कोण गेलं? वडील?" त्याने विचारलं.

"कुणी गेलं नाही," मी म्हटलं. "बॉर्डर आहे."

पलीकडच्या टेबलावर तू एवढा हसलास की तुझ्या नाकातून चहा आला. मला रागच आला होता तुझा. कोण कुठला हा लालबुंद गोरा, आमच्या काळ्या दिनाला हसतो. मग तू खुर्ची ओढून माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "आमच्याकडेही नोव्हेंबरच असतो. फीत नसते, कागदाचं लाल फूल असतं."

ते फूल लढाईत गेलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी कोटाला लावतात आणि तुमच्या गावात, आयर्लंडच्या उत्तर भागात, कोण लावतो आणि कोण लावत नाही यावरून घर ओळखतात. तुझे वडील प्रोटेस्टंट, ते लावायचे. आई कॅथलिक, सीमेच्या दक्षिणेकडची, ती लावायची नाही. तू शाळेत जाताना लावायचास आणि आजोळी निघालास की काढून खिशात ठेवायचास. नाव ऐकून पोरगा कुणाचा ते चटकन कळू नये म्हणून आईने ब्रायन नाव ठेवलं, हेही तू तेव्हाच सांगितलंस. आणि दोघं गेल्यावर वडिलांना त्यांच्या चर्चच्या आवारात पुरलं, उत्तरेला. आईला तिच्या माहेरच्या गावात, दक्षिणेला. संसार एका छपराखाली केला आणि मेल्यावर दोघं दोन देशांत. "गाडीने अर्धा तास लागतो," तू म्हणालास. "आता रस्त्यात कुणी अडवतही नाही. फक्त रस्त्याच्या कडेची रेघ बदलते. आमच्याकडे पांढरी, त्यांच्याकडे पिवळी."

मी विचारलं, "मग तू कुणाकडचा?"

तू म्हणालास, "चहा संपला का?"

तिथून जो आपला वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत संपला नाही. ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं आणि तुमच्याकडे सगळ्यांना एकदम आठवलं की जुन्या शांतता करारात लिहून ठेवलंय, लोकांना हवं असेल तर मतदान घेऊन दोन्ही आयर्लंड एक करता येतील. मग दर थोड्या महिन्यांनी लोकमताची पाहणी. चहाच्या वेळी तू फोनवरून मोठ्याने वाचून दाखवायचास. इतके हो म्हणतात, इतके नाही म्हणतात, इतक्यांना माहीत नाही. मी मागे लागायचो की सरळ मतदान घ्या आणि मोकळे व्हा. एक भाषा, एक बेट, मधे ही रेघ कशाला? आणि तू मला शिकाऊ पोरासारखं समजावायचास.

"देसाई, तू कसं विचारतोस त्यावर आहे. दक्षिणेतल्या माणसाला विचार, आयर्लंड एक व्हावं का? व्हावं की, असं म्हणेल, डोळ्यांत पाणी आणून. उद्या व्हावं का? मग तो बुटांकडे बघायला लागतो. त्यासाठी कर जास्त भरशील का? चहा टाकायला उठतो. आणि त्या उत्तरेतल्या लोकांना बरं वाटावं म्हणून तुझा झेंडा बदलशील का, राष्ट्रगीत बदलशील का? मग मात्र ताडकन म्हणतो, आम्ही का बदलायचं?" आणि हसून म्हणायचास, "त्यांना आमची जमीन हवी आहे रे. माणसं जरा अडचणीची आहेत."

हे मला फार लागायचं. तुला कळायचं नाही, की कळायचं, देव जाणे. मी पुण्याला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा होस्टेलवर सगळे मला 'ए कानडी' म्हणायचे. वडिलांनी ज्या महाराष्ट्रासाठी आयुष्य घालवलं, त्या महाराष्ट्रातल्या माझ्या खोलीतल्या पोरांना निपाणी कुठे आहे ते माहीत नव्हतं. हे मी घरी कधी सांगितलं नाही. तुला सांगितलं. तू हसला नाहीस. नुसता म्हणालास, "हो. असंच असतं."

आणि उत्तरेचं काय, म्हटलं की तुझ्या बहिणीची, मार्गारेटची गोष्ट यायची. तिला पाहणीवाल्यांचा फोन आला की ती गोड आवाजात सांगते, "मला बाई काही माहीत नाही." तू म्हणायचास, "सात वर्षांची होती तेव्हापासून तिला माहीत आहे. पण फोनवर कोण आहे ते काय माहीत? शेजाऱ्याचा मेव्हणा निघायचा. आमच्याकडे 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांइतकं पक्कं कुणालाच माहीत नसतं."

"आणि तुला?"

"मला खरंच माहीत नाही," तू म्हणायचास, आणि ते खरं की मार्गारेटसारखं, हे मला कधी ओळखता आलं नाही.

एकदाच तू गप्प झालास. शुक्रवार होता, जेद्दाच्या अझीझिया भागातल्या आमच्या घरी तू नेहमीसारखा जेवायला आला होतास. विद्याने भाकरी आणि भरली वांगी केली होती, ताकाचा तुझा तिसरा पेला चालला होता. मी चिडून म्हटलं, "तुमची ही थेरं बघवत नाहीत मला. तुम्हाला दर महिन्याला विचारतात आणि तुम्ही 'माहीत नाही' म्हणता. माझ्या बापाला सगळं माहीत होतं. त्याला मरेपर्यंत एकदाही कुणी विचारलं नाही. साधा फोन नाही आला कुणाचा."

तू पेला खाली ठेवलास. विद्या माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. तेवढ्यात आमची मनवा, ती तेव्हा नववीत असेल, इंडियन स्कूलमधल्या तिच्या इंग्रजीत म्हणाली, "बट बाबा, व्हॉट डिफरन्स डझ इट मेक?" तू तिच्याकडे वळून म्हणालास, "माझी ओर्लाही डब्लिनहून अगदी हेच विचारते." मग आपण दोघं बाप एकमेकांकडे बघून हसलो, कारण दुसरं काय करणार. जाताना दारात तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "तुझ्या वडिलांना विचारायला हवं होतं, देसाई." त्या एका वाक्यासाठी मी तुझं सगळं माफ केलं होतं.

वर्षाच्या रजेचं तिकीट हा तुझा आणखी एक तमाशा. कंपनी प्रत्येकाला त्याच्या घरच्या विमानतळाचं तिकीट देते. माझ्या करारात पहिल्यापासून मुंबई लिहिलेली. मुंबईला उतरायचं आणि रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून बेळगाव. तू म्हणायचास, "तिकिटावर तुझं घर मुंबई आहे. तुझं विलीनीकरण झालं. अभिनंदन." आणि तुझं स्वतःचं? एक वर्ष बेलफास्ट, एक वर्ष डब्लिन. ऑफिसातल्या लोकांना वैताग आणला होतास. एका वर्षी मार्गारेटकडे उतरायचास आणि मग ओर्लाकडे जायचास, दुसऱ्या वर्षी उलट. कुणी का म्हणून विचारलं तर म्हणायचास, बायका रागावतात. मला वाटतं, तुला निवडायचं नव्हतं. आई की बाप, हे लहान पोराला विचारू नये म्हणतात. तू पिकल्या केसांचा झालास तरी तुला कुणीतरी विचारेल ही भीती गेली नव्हती.

म्हणूनच तू इथून हलत नव्हतास, असं मला आता वाटतं. एकेक खुर्ची सौदी होत गेली. आपले केरळचे गेले, फिलिपिनो गेले, स्टोअरमधले रत्नागिरीचे दाऊदभाई गेले. तुझी खुर्ची फैसलला मिळाली, ज्याला तू वाल्व उघडायला शिकवलं होतंस. तुला सल्लागार म्हणून कोपऱ्यातलं टेबल दिलं. तू तेही घेतलंस, खळखळ न करता. "खलास झालंय ब्रायन, घरी जा आता," मी म्हणायचो. तू म्हणायचास, "कुठल्या?" आणि मी विषय बदलायचो, कारण जायचं नाव मलाही नको होतं. शेवटी तुझाही कागद आला. डिसेंबरअखेर फायनल एक्झिट, जाण्याचं एकेरी तिकीट. फैसलने आदबीने विचारलं, "मिस्टर ब्रायन, कुठलं काढू?" तू म्हणालास, "अजून वेळ आहे."

वेळ नव्हता. ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी तू जेवायला आला नाहीस. विद्याने दूध आटवून आमचा बेळगावी कुंदा केला होता, तुला आवडतो म्हणून. तुझा फोन वाजत राहिला. मी तू राहायचास त्या कंपाउंडवर गेलो, सिक्युरिटीवाल्याला घेऊन दार उघडलं. तू खुर्चीत होतास, बूट घातलेले, निघायच्या तयारीत. हृदयाचा झटका आला होता, डॉक्टर म्हणाले, फार त्रास झाला नसेल. डॉक्टर असंच सांगतात. तुझ्या हाताला हात लावला तेव्हा तो थंड होता, आणि मला एवढंच सुचलं की एसी बंद करावा. मी उठून एसी बंद केला. का केला, अजून कळत नाही.

मग पुढचे दिवस मी नुसता फोनवर होतो. मार्गारेटचा आवाज हुबेहूब तुझ्यासारखा आहे, हे तू कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "बाबांच्या शेजारी जागा आहे. पण ओर्लाला जे वाटेल ते." ओर्ला रडली, मग सावरून म्हणाली, "आजीजवळ ठेवता आलं असतं. पण आत्याला जे वाटेल ते." पुन्हा मार्गारेट, पुन्हा ओर्ला. दोघी इतक्या गोड, इतक्या समजूतदार. आमच्याकडे असत्या तर एव्हाना भांडल्या असत्या आणि कुणीतरी एक जिंकली असती. इथे दोघी दुसरीकडे बोट दाखवत होत्या आणि तू हॉस्पिटलच्या शीतपेटीत होतास. शेवटी दोघींनी एकच गोष्ट सांगितली, जणू ठरवून. "मिस्टर देसाई, दर शुक्रवारी तुमचं याच विषयावर चालायचं, असं तो सांगायचा. तुम्हाला तो काही बोलला असेल. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते आम्हाला मान्य."

ब्रायन, आमच्या दोन पिढ्यांत सरहद्दीबद्दल कुणी काही विचारलं ते हे पहिल्यांदा. माझे वडील ज्याची वाट बघत गेले तो प्रश्न माझ्याकडे आला, तोही दुसऱ्याच्या देशाचा, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तुझं एकेक वाक्य आठवून पाहिलं. आईबद्दल बोलताना तुझा आवाज उतरायचा, मग दक्षिण? पण वडिलांची घडी होणारी फुटपट्टी तू टेबलावर ठेवायचास, कुणाला हात लावू द्यायचा नाहीस, मग उत्तर? मी तुझ्याशी एवढं बोललो, एवढं भांडलो, पण तुला नेमकं काय हवं होतं ते मला माहीत नाही. तू हसण्यावारी नेत राहिलास आणि मी नेऊ दिलं.

गुरुवारी दुपारी फैसलने बोलावलं. कागदपत्रं सगळी झाली होती, त्या पोराने धावपळ करून करवून घेतली होती. तुझ्याच जुन्या खुर्चीत तो बसला होता. म्हणाला, "मिस्टर देसाई, उद्यापासून सुट्टी. आज बुकिंग गेलं नाही तर तो रविवारपर्यंत तिथेच पडून राहील. विमानतळ एकच लिहिता येतो. सांगा."

मी म्हटलं, "माहीत नाही."

तोंडातून शब्द बाहेर पडले आणि वाटलं, हा मी नाही बोलत, तू बोलतोयस.

फैसलने पेन उचललं. मग त्याने विचारलं, "गेल्या वर्षी तो कुठे गेला होता?"

"डब्लिनला."

"मग यंदा बेलफास्टचा नंबर," फैसल म्हणाला. "या खुर्चीत आल्यापासून त्याचं तिकीट मीच काढायचो ना."

आणि त्याने लिहिलं. झालं. तुमच्या बेटावर इतकी वर्षं माणसं ज्यासाठी मेली, ज्याच्यासाठी लोकांना फोन करकरून विचारतात, त्याचा निकाल जेद्दात एका सौदी पोराने रजेच्या तिकिटाच्या हिशेबाने लावला. मी 'नाही' म्हणू शकलो असतो. कशाच्या जोरावर म्हणणार? मी मान हलवली.

ओर्लाला कसं सांगावं या विचाराने मी पार्किंगमध्ये उन्हात उभा होतो. शेवटी जे झालं तेच सांगितलं, की यंदा बेलफास्टचा नंबर होता. मला वाटलं, आता ती मला बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हो. खरंच. यंदा बेलफास्टचाच होता. मी लहान होते तेव्हा कॅलेंडरवर लिहून ठेवायचे, बाबा कुठल्या वर्षी आधी माझ्याकडे येणार ते." आणि फोनवर ती एवढी रडली की मी ऊन विसरलो.

तुला वडिलांच्या शेजारी ठेवलं. ओर्ला डब्लिनहून एकटी गाडी चालवत आली. नंतर फोनवर म्हणाली, मिस्टर देसाई, रस्त्याची रेघ कधी पांढरी झाली ते मला दिसलंच नाही, मी रडत होते. तिला पुढल्या वर्षाचा तिचा नंबर कोण देणार, हे तिने विचारलं नाही. मीही बोललो नाही. मी केलं ते बरोबर की चूक, हे सांगणारा एकच माणूस होता, आणि तो विचारलं की चहा मागायचा.

माझाही कागद येईलच, मार्चपर्यंत म्हणतात. माझ्या तिकिटावर मुंबई आहे, मला कुणी विचारणार नाही. विद्या म्हणते, पुण्याला फ्लॅट बघू. मनवा म्हणते, कुठेही. मला विचाराल तर, पण जाऊ दे.

परवा एक नोव्हेंबर झाला. मी काळी फीत काढली आणि दंडाला बांधताना हात थांबला. यंदा मी ती सरहद्दीसाठी बांधत नव्हतो. वडिलांची माफी मागितली मनातल्या मनात आणि तुझ्यासाठी बांधली. तशीच लावून कामावर गेलो. तुझं कोपऱ्यातलं टेबल रिकामं करून तिथे प्रिंटर ठेवलाय.

फैसल समोरून आला. त्याने माझ्या बाहीकडे पाहिलं. ब्रायन, तुला सांगतो, त्या क्षणी मला त्याचं ते जुनं वाक्य हवं होतं, चुकीच्या माणसाला चुकीच्या दिवशी दिलेलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत घ्यावा आणि विचारावं, कोण गेलं? मी सांगणार होतो. मी सकाळपासून तयार होतो.

फैसल ओळखीचं हसला. आता त्याला सगळं समजतं, तूच शिकवून ठेवलंयस. "बॉर्डर, ना?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "हो. बॉर्डर."

त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि तो पुढे गेला.